करुंगीची बकरी

दोन बलदंड नर समोरासमोर छाती बडवीत उभे असताना, मधल्या चिखलातून पाठीवर घसरत येऊन एखाद्या तरुणीच्या बुटांशी थांबणे, ही ओळख करून घेण्याची रीत शिष्टसंमत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. परंतु अगाबाची आणि केमिगिशाची पहिली भेट नेमकी अशीच झाली. आणि शिष्टसंमत नव्हती म्हणून ती झालीच नाही, असे काही म्हणता येत नाही.

ब्विंडीच्या जंगलात एक लांब डोंगरधार आहे. तिच्या उत्तरेला काशाशा नावाचे गोरिलांचे कुटुंब राहत असे आणि दक्षिणेला मुतोमा नावाचे. एरवी ही दोन कुटुंबे एकमेकांचे तोंड पाहत नसत. पण त्या मोसमात धारेवरच्या रानउंबरांना फळच असे लगडले की दोघांचीही पावले तिकडे वळली. काशाशाचा रुपेरी पाठीचा धनी म्पोरा उत्तरेकडून चढला, मुतोमाचा धनी न्दुरू दक्षिणेकडून. म्पोराच्या मागे केमिगिशा होती, कारण काशाशाला भेटायला येणाऱ्या पर्यटकांची ती गाईड. आणि न्दुरूच्या मागे अगाबा होता, कारण रोज सकाळी न्दुरूच्या कुटुंबाचा माग काढणे हे त्याचे काम. झिमझिम चालू होती, धुके झाडांच्या कमरेला गुंडाळलेले होते, आणि ऐन आणीबाणीच्या क्षणी अगाबाचा पाय सुटला.

तो थांबला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा मास्कने आणि उरलेला चिखलाने झाकला होता. मोकळे होते ते फक्त दोन डोळे. त्या डोळ्यांनी त्याने वर पाहिले, आणि अंगवळणी पडलेल्या सवयीने, गोरिलांना ‘मी निरुपद्रवी आहे’ असे सांगण्यासाठी घशातून जो हलका हुंकार काढतात, तोच त्याने तिच्यासमोर काढला.

“म्म्… हम्म्…”

“दहा मीटर,” केमिगिशा कुजबुजली.

“काय?”

“दहा मीटर अंतर ठेवायचं असतं. नियम आहे.”

“तो गोरिलांपासून.”

“आमच्या बाजूला सगळ्यांपासून.”

केमिगिशाच्या मागे तिचे आठ पर्यटक श्वास रोखून उभे होते. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी काठीच्या टोकाने अगाबाकडे निर्देश करून अतिशय आदराने विचारले, “हा माणसाळलेला आहे का हो?”

“नाही,” केमिगिशा म्हणाली. “हा पलीकडच्या कुटुंबातला आहे. सवय व्हायला दोनेक वर्षं लागतात.”

मास्कच्या आत तो हसला. हे तिला कळले, कारण त्याच्या डोळ्यांच्या कडेला वाळत आलेला चिखल बारीक रेघांनी तडकला.

इकडे दोन्ही धन्यांचे भांडण, मोठ्यांची भांडणे बहुधा संपतात तसेच, निकालाविना संपले. दोघे एकमेकांकडे पाठ करून उंबरे खाऊ लागले. आणि मग काशाशाच्या माद्यांमधून करुंगी उठली. करुंगी म्हणजे देखणी. केमिगिशाचे वडील बितारिहो हे काशाशाचा माग काढणाऱ्यांचे प्रमुख, त्यांनीच ती आईच्या पोटाला चिकटलेली असताना हे नाव ठेवले होते. करुंगीने एक उंबर तोंडात टाकले, एक हातात घेतले, आणि बाजाराला निघालेल्या बाईसारखी सावकाश चालत ती न्दुरूच्या कुटुंबात जाऊन बसली. मागे वळून पाहिले नाही. म्पोराने एकदा डोके वर केले, आणि पुन्हा खाली घातले.

माद्यांनी कुटुंब बदलणे ही गोरिलांची रीतच आहे, हे केमिगिशा पर्यटकांना रोज सांगत असे. सांगणे वेगळे आणि पाहणे वेगळे. तिचे डोळे भरून आले.

“आम्ही नीट सांभाळू तिला,” चिखलातून आवाज आला.

“तुम्हाला स्वतःला सांभाळता येत नाही,” ती म्हणाली. पण आवाज पुरेसा कडक झाला नाही.

*

त्या मोसमात उंबरे संपता संपेनात. दोन्ही कुटुंबे धारेवर रेंगाळत राहिली, आणि त्यांच्या मागे त्यांची माणसेही. गोरिलांजवळ पर्यटकांना एकच तास मिळतो. तेवढ्या तासात, एका बाजूला पर्यटकांवर आणि दुसऱ्या बाजूला नरांवर नजर ठेवून, कुजबुजत्या आवाजात जे बोलता येईल तेवढेच ते दोघे बोलत. प्रेमाला निवांतपणा लागतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय तिथे मास्क बंधनकारक असल्याने दोघांनी एकमेकांना नाकाच्या खाली कधी पाहिलेच नव्हते. केमिगिशाने त्या अज्ञात प्रदेशाविषयी मनाशी काही कल्पना केल्या होत्या. त्या ती कुणाला सांगत नसे.

“कशी आहे आमची मुलगी?” ती विचारी.

“रुळली सासरी. काल न्दुरूच्या अगदी शेजारी घरटं बांधलंन् तिनं.”

“खाते नीट?”

“खाते म्हणजे काय! आमच्या बाजूला सगळंच गोड.”

“चिखलसुद्धा? तुम्ही परवा तोंडभर चाखलात, म्हणून विचारते.”

“चिखल तुमच्या बाजूचा होता,” तो गंभीरपणे म्हणे. “म्हणून तर… अजून चव जात नाही.”

ती पर्यटकांकडे वळून कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद असल्याची खात्री करून घेई. तो आधीपासून बंदच असे.

अशाच एका सकाळी, करुंगी न्दुरूच्या पाठीतल्या उवा वेचीत बसलेली पाहून केमिगिशा बोलून गेली, “एवढी देखणी मुलगी घेऊन गेलात, आणि आमच्या दारी एक बकरीसुद्धा आणली नाहीत! दक्षिणेकडे चालीरीती आहेत की नाहीत काही?”

अगाबाने करुंगीकडे पाहिले. मग म्हणाला, “कुणाच्या घरी आणायची?”

“आमच्याच. नाव माझ्या बाबांनी ठेवलंय तिचं.”

ती हसली, आणि डोंगर उतरेपर्यंत विसरूनही गेली. पण विनोद तोंडातून सुटला की तो बोलणाऱ्याचा राहत नाही, ऐकणाऱ्याच्या मालकीचा होतो. अगाबाने तो घरी नेला, आणि रात्रभर उशाशी घेऊन झोपला.

*

पुढच्या रविवारी बितारिहोंच्या अंगणात दक्षिणेकडचे चौघे उभे राहिले. सर्वांत पुढे न्गाबिरानो होते. मुतोमाचा माग काढणाऱ्यांचे हे प्रमुख, अगाबाचे चुलते, आणि असे वक्ते की ते बोलायला उभे राहिले म्हणजे शेजारच्या टेकडीवरची माणसे हातातले खुरपे ठेवून ऐकत. सर्वांत मागे अगाबा होता, आणि त्याच्या हातातल्या दोरीला एक गुबगुबीत बकरी.

थट्टा करायची तर ती यथाविधी करावी, असे न्गाबिरानोंचे ठाम मत होते. त्यामुळे मागणी घालताना करायचे भाषण त्यांनी अथपासून इतिपर्यंत तयार करून आणले होते. आता चाल अशी आहे की या भाषणात मुलीचे नाव घेणे असभ्य समजतात. वासरू हरवले म्हणावे, त्याच्या खुरांचे ठसे तुमच्या अंगणापर्यंत आले म्हणावे, आणि यजमानाने समजून घ्यावे. बितारिहो ते ऐकून पोट धरून हसतील, दोन घोट मुराम्बा, म्हणजे केळ्याची दारू, पाजतील, बकरी परसात बांधतील, एवढीच न्गाबिरानोंची अपेक्षा होती. पण गोरिला रविवार पाळत नाहीत. बितारिहो जंगलात होते, केमिगिशाही जंगलात होती, आणि घरी होत्या केझिया आत्या.

केझिया आत्या म्हणजे बितारिहोंची थोरली बहीण. मुलीच्या लग्नाचा शब्द देण्याघेण्याचा अधिकार आमच्याकडे आत्याचा. भाचीने सत्ताविसावे ओलांडले, तरी बूट चढवून रोज वानरांच्या मागे जाते, ही त्यांची चिंता, आणि तो अधिकार कित्येक वर्षे गंजत पडला होता.

“आमच्या रानात एक सौंदर्य नांदायला आलं,” न्गाबिरानोंनी काठी जमिनीवर आपटून सुरुवात केली. “कुठल्या घरचं म्हणून विचारत विचारत आम्ही या दाराशी पोचलो. देणाऱ्याच्या ऋणात राहणं आम्हाला—”

“सुरी आणा गं कुणीतरी!” आत्या म्हणाल्या.

पहिली बकरी परत पाठवली तर नकार समजतात. बांधून ठेवली तर विचार चालू आहे असे समजतात. आणि कापली तर शब्द दिला. आत्यांनी विचारात वेळ दवडला नाही. भाषण वासराच्या खुरांपर्यंत येते न येते तोच बकरी परसाकडे गेली होती, शेजारणींनी जीभ नाचवीत उलूलूचा गजर केला होता, आणि चुलीवर भांडे चढले होते.

“आत्याबाई, जरा ऐकता का…” अगाबा गडबडून म्हणाला.

“जावयानं पहिल्या दिवशी बोलू नये रे बाबा,” आत्या प्रेमाने म्हणाल्या. “पुढे जन्मभर बोलायला मिळत नाहीच. पण सुरुवात तरी शोभेशी असावी.”

अगाबाने चुलत्यांकडे पाहिले. न्गाबिरानोंना घोटाळा केव्हाच उमगला होता. पण त्यांनी असा विचार केला की सत्य सांगितल्याने बकरी जिवंत होणार नाही, आणि मुराम्बा तर उत्तम मुरलेला आहे. ते बसले, आणि त्यांनी कपाळ पुसून दुसरा पेला पुढे केला.

केमिगिशा घरी आली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर एक अनोळखी तरुण हातात हाडूक धरून बसला होता. जिवणी रुंद, हनुवटीवर एक खळी, आणि समोरच्या दोन दातांमध्ये अशी सुबक फट की जिच्यासाठी आमच्याकडच्या आया देवाला नवस बोलतात. त्याने डोळे वर केले. डोळे तिच्या ओळखीचे होते.

असे आहे तर नाकाच्या खाली… तिच्या मनात आले. आणि मग तिला भांडे दिसले, शेजारणी दिसल्या, आत्याच्या गालांवरचे आनंदाश्रू दिसले.

“ही बकरी कुणासाठी आणलीत?” तिने विचारले.

तिने हा प्रश्न अशा आवाजात विचारला होता की कुणाही शहाण्या माणसाला त्याचे उत्तर ठाऊक असावे. अगाबाने चुलत्यांकडे पाहिले, आत्यांकडे पाहिले, हातातल्या हाडकाकडे पाहिले.

“क… करुंगीसाठी.”

त्याने खरे तेच सांगितले, असे म्हणून कोणी त्याची बाजू घेईल. घ्यावी. पण प्रत्येक खरे वाक्य विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते असे नाही.

“बरं. कळवते तिला,” केमिगिशा म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतले.

“कोण करुंगी?” आत्यांनी विचारले, आणि ती एक एन्गागी आहे, रानातली गोरिला-मादी आहे, हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “एन्गागीला बकरी? उद्या झाडाला गाय द्याल! ते काही नाही. मी कापली ती माझ्या भाचीची म्हणून कापली. कापणाऱ्याचं खरं.”

*

गावाने आत्यांचेच खरे मानले. केमिगिशा पाण्याला गेली तरी बायका विचारीत, “काय गं मुतोमाच्या सूनबाई, धार कधी ओलांडणार?” आणि नेमके हेच तिच्या जिवाला लागले होते. धार ओलांडायची म्हणजे काशाशा सोडायचे. म्पोरा, त्याच्या पाठीवर घसरगुंडी खेळणारी पिल्ले, ज्यांच्या नाकांवरच्या सुरकुत्या ती दुरून ओळखते ती सगळी माणसे — हो, ती त्यांना माणसेच म्हणे — दुसऱ्या कुणाच्या हवाली करायची. आणि कुणासाठी? ज्याला हाडूक हातात घेऊन तिचे नावसुद्धा उच्चारता आले नाही, त्याच्यासाठी?

“मी काही करुंगी नाही,” सकाळी जंगलाकडे जाताना ती वडिलांना म्हणाली. “कुणी छाती बडवली म्हणून उठून चालायला लागायला.”

बितारिहो मितभाषी होते. चहाच्या मळ्याचा बांध त्यांनी आधी ओलांडला. मग म्हणाले, “करुंगीला कुणी ओढून नेलं नव्हतं, पोरी. ती आपली आपण उठली.”

“म्हणजे मी जावं असं म्हणता?”

“मी कुठे काय म्हणतोय? मी करुंगीविषयी बोलतोय.”

त्याच दिवशी धारेवर दोन्ही कुटुंबे पुन्हा समोरासमोर आली. अगाबा उंबराआडून सरकत सरकत तिच्याजवळ येऊन पोचला.

“केमिगिशा, मला दोन शब्द बोलायचेत.”

“पर्यटकांचा तास चालू आहे.”

“दोनच. त्या दिवशी बकरी करुंगीची होती, ते खरं… पण ती घेऊन मी का आलो, ते मी—”

एवढ्यात न्दुरू किंचाळला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी आरोळी असा आहे, आणि तो नावाला जागत असे. झुडपे मोडीत तो सरळ त्यांच्या दिशेने धावत आला. अशा वेळी पळायचे नसते. खाली बसावे, नजर जमिनीकडे ठेवावी, आणि पाने तोडून खाल्ल्यासारखे करावे. केमिगिशाने पर्यटकांना हाताने खूण केली. आठही जण निमूटपणे मुंडी खाली घालून बसले. ती दोघेही खांद्याला खांदा लावून बसली. न्दुरू अगदी पुढ्यात येऊन थांबला आणि जोरजोराने श्वास घेऊ लागला.

“मी… का आलो ते…” पाने कुरतडण्याचा आव आणीत अगाबा जमिनीला सांगू लागला. “मला तुझ्या घरी… मला तू…”

त्याचे डोळे बारीक झाले. नाक थरथरले. केमिगिशा जरा जवळ झुकली. आणि अगाबा शिंकला.

ती साधी शिंक नव्हती. आठवडाभर पावसात भिजत, न झोपता, एका वाक्याची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाची ती शिंक होती. मास्क फुगला. न्दुरू दचकून मागे सरला, आणि एवढ्या अपमानाची सवय नसल्याने झुडपात निघून गेला.

“तुम्हाला सर्दी झालीय,” केमिगिशा सावकाश म्हणाली.

“नाही. पान नाकात—” तो पुन्हा शिंकला.

माणसाची सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून शिंकणाऱ्याला, मग तो कुणी का असेना, त्या क्षणी मागे फिरवावे लागते. केमिगिशाने हात लांब करून खालची वाट दाखवली.

“परत जा. आणि पुरतं बरं वाटेपर्यंत रानात यायचं नाही.”

“पण माझं वाक्य…”

“नियम आहे, अगाबा.”

तिने त्याचे नाव पहिल्यांदाच घेतले होते. तो उतरू लागला, आणि वळणापर्यंत तीनदा मागे पाहून दोनदा घसरला. त्या वळणाकडे ती पर्यटकांचा तास संपेपर्यंत पाहत राहिली. म्पोराकडे पाठ होती, हे तिला एका वयस्क पर्यटकाने खांद्याला हात लावून सांगितले.

*

अगाबाची सर्दी चिवट निघाली. उंबरे संपली. दोन्ही कुटुंबे आपापल्या उतारांना लागली. आणि एका धुकट सकाळी बितारिहोंनी घरट्यांमधला पाला चाचपताना पाहिले, की म्पोराच्या कुटुंबात करुंगी परत आलेली आहे. जशी गेली होती तशीच, सावकाश, हातातले काहीतरी चघळीत. तिने का सोडले, का परतली, हे तिने कुणाला सांगितले नाही. सांगण्याची प्रथाही नाही.

ही बातमी धारेपलीकडे पोचली, आणि दुसऱ्याच रविवारी न्गाबिरानो पुन्हा बितारिहोंच्या अंगणात उभे राहिले. या वेळी थट्टा किती आणि तंटा किती, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते; वाद म्हटला की त्यांना दोन्हींतला फरक दिसेनासा होई. मागे, गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळून, अगाबा उभा होता.

“अगांदी, बितारिहो! नमस्कार झाला, आता मुद्द्याचं बोलतो,” न्गाबिरानो म्हणाले. “नांदायला आलेली मुलगी माहेरी परतली, तर बकरी परत द्यायची. वाडवडिलांची चाल आहे.”

“ती चाल केव्हाच गेली!” केझिया आत्या दारातून गरजल्या. “कोर्टानं बंद केली. दिलेलं परत मागता येत नाही.”

“कोर्टाचा निकाल माणसांपुरता आहे, बाई. तुमची मुलगी माणूस नव्हती!”

“माझी भाची माणूस नाही?” आत्यांनी बाह्या सरसावल्या. “बोला, पुन्हा बोला! सगळ्या टेकडीला ऐकू जाऊ दे!”

“भाचीचा इथे संबंध काय? बकरी करुंगीची होती. बोलणारा मी होतो, मला ठाऊक असणार!”

“आणि खाणारे कोण होते? तीनदा वाढून घेतलंत! एन्गागीची बकरी होती तर एन्गागीच्या घरी बसून खायची होती!”

“मी पाहुणा होतो. पाहुण्याने नको म्हणणं असभ्य असतं.”

“मग आता काढून देऊ का भांड्यातून?”

माणसे जमली. काही जण न्गाबिरानोंच्या तर्काचे कौतुक करू लागले, काही आत्यांच्या आवाजाचे. केमिगिशा गोठ्याशी टेकून उभी होती. ती हसत नव्हती. तिला एवढे कळत होते, की हा वाद एका बकरीचा असला तरी निकाल तिचा लागणार आहे. बकरी करुंगीची ठरली तर तिच्या बदली दुसरी परत जाईल, हिशेब मिटेल, आणि धारेपलीकडचे ते दोन डोळे पुन्हा दहा मीटरांवर… नाही, दहा डोंगरांवर जातील. तिची ठरली तर तिला धार ओलांडावी लागेल.

शेवटी बितारिहोंनी हात वर केला.

“बकरी कुणाची, एवढाच प्रश्न आहे. आपल्यात तो सोडवायची रीत आहे. ताई, मुलीला विचार.”

आत्यांनी खांद्यावरचे वस्त्र सावरले, आणि मागणीच्या दिवशी सगळ्यांसमक्ष जो विचारतात तो प्रश्न विचारला, “केमिगिशा, या पाहुण्यांना ओळखतेस का?”

ओळखते म्हटले की बकरी तिची. ओळखत नाही म्हटले की विषय संपला. सगळे अंगण तिच्याकडे पाहू लागले.

“आधी ज्यानं आणली त्यानं सांगावं,” ती म्हणाली. “न्गाबिरानो काकांचं ऐकलं. आत्याचं ऐकलं. करुंगीनं काय सांगायचं ते चालून दाखवलं. एक माणूस तेवढा राहिला.”

अगाबा पुढे आला. त्याने गळ्याचा पट्टा सोडला. आवाज अजून पुरता फुटत नव्हता. म्हणून असेल, पण सगळे पुढे वाकून ऐकू लागले.

“करुंगीला काही द्यायचं असतं, तर उंबरं आणली असती,” तो म्हणाला. “एन्गागी मांस खात नाहीत. मी रोज बघतो. बकरी मी आमच्या गोठ्यातली सगळ्यांत चांगली निवडली… आणि बकरी खाणाऱ्यांच्या घरी नेली. मला तुझ्या घरी यायचं होतं, केमिगिशा. नुसतं यायला धीर होत नव्हता. तू थट्टेनं निमित्त दिलंस, मी ते दोरी बांधून घेऊन आलो. आणि तू विचारलंस तेव्हा… तेव्हा हातात हाडूक होतं, आणि सगळे बघत होते.”

“आता कोण बघत नाहीये?” गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

“आताही बघताहेत,” अगाबा म्हणाला. “बघू देत. ती तुझीच होती.”

केमिगिशाने खाली पाहिले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तरीही ती गाईड होती. वाट पुढे कुठे जाते हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकणे तिच्या स्वभावात नव्हते.

“ऐकलं,” ती म्हणाली. “पण मी काशाशा सोडणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.”

ती ‘तुझ्यासाठी’ म्हणाली, हे तिच्या आधी आत्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी शेजारणीला कोपर मारले.

“मग मी मुतोमा सोडतो,” अगाबा म्हणाला. “तुझे बाबा माग काढणारा माणूस शोधताहेत, असं ऐकलंय.”

“काय?” न्गाबिरानोंच्या हातातली काठी पडली. “पुरुषानं बायकोच्या घरी जायचं? कुठली रीत ही? अरे, गोरिलांमध्येसुद्धा नर असा दुसऱ्याच्या कुटुंबात शिरत नाही!”

“गोरिला बकऱ्याही देत नाहीत, काका,” केमिगिशा म्हणाली. “तुम्ही दिलीत.”

लोक हसले. न्गाबिरानोंना हसू आले नाही. ते बाकावर बसले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. “आमच्या बाजूचा सगळ्यांत चांगला पोरगा आहे तो. पावलाचा नुसता वास घेऊन सांगतो, नर गेला की मादी. लहानपणापासून माझ्या मागे चालला… आणि असा फुकटचा जाणार?”

केमिगिशा वळली आणि गोठ्यात शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोरी होती, आणि दोरीमागे तिची स्वतःची तांबडी बकरी, पहिल्या पगारातून घेतलेल्या बकरीची लेक, अनिच्छेने चालत येत होती. ती न्गाबिरानोंसमोर उभी राहिली, गुडघे टेकले, मोठ्यांपुढे टेकतात तसे, आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

“फुकट नाही, काका. मी मागणी घालतेय.”

बकरी तिथेच उभी राहून रवंथ करू लागली. आजवर या टेकडीवर कुणा मुलीने असे केले नव्हते. पण तसे करू नये असे सांगणारी एकही चाल, कितीही आठवून पाहिले तरी, न्गाबिरानोंना आठवेना. त्यांनी सवयीने बकरीचे तोंड उघडून दात पाहिले. मग बराच वेळ दोरीकडे पाहिले.

“दात चांगले आहेत,” ते खाकरून म्हणाले. “पण हिला कापायचं घरी नेऊन. इथे कापली की तुम्हीच खाल.”

आत्यांना मात्र अर्धवट राहिलेला विधी सहन होत नव्हता. त्या अगाबासमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याची हनुवटी धरून त्यांनी मान खाली वाकवली, कारण अशा वेळी वर पाहणे शोभत नाही, आणि विचारले, “काय रे, या घरातल्या माणसांना ओळखतोस का?”

मागणी घातलेल्या मुलीने लाजून थोडे थांबायचे असते. अगाबाने तेवढे थांबून घेतले. पायाच्या अंगठ्याने त्याने माती उकरली. दातांमधली ती सुबक फट दिसली, लपली, पुन्हा दिसली.

“ओळखतो…” तो म्हणाला.

उलूलूचा गजर उठला. या होकारानंतरचा पहिला गजर वराकडच्या बायकांनी करायचा असतो. आणि त्या दिवशी वराकडची बाई कोण, याविषयी शेजारणींचे एकमत होईपर्यंत, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने, केमिगिशाने स्वतःच तो केला.